बाबा बोटीवर आहेत

पुस्तकांच्या दुकानाचं दार इतक्या जोरात ढकललं गेलं की काच थरथरली. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आत आल्या. हातात चित्रांचं पातळसं पुस्तक आणि मागे त्यांची मुलगी, फुगी.

"हे हिला कोणी दिलं?"

दुकान वहिनींचं. नव्या पुस्तकांची खोकी फोडत बसलेला त्यांचा दीर लगबगीने उठला. "माफ करा हं, ताई. वहिनी, मी केव्हापासून कानीकपाळी ओरडतोय! पऱ्या ठेवा, ससे ठेवा. तुरुंगातल्या बापाची गोष्ट कशाला हवी मुलांना?"

"मीच दिलं," वहिनी म्हणाल्या. "रोज येऊन तेच वाचायची. शेवटी म्हटलं, घरी ने."

"दोन वर्षं मी हिला सांगतेय, बाबा बोटीवर आहेत," बाईंचा आवाज चिरकला. "आणि काल जेवता जेवता ही विचारते, बाबांच्या बोटीला पण गज आहेत का?"

दिराचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनींना वाटलं होतं, पोरीला चित्रं आवडली असतील.

"मला माहीत नव्हतं हो. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण पुस्तक मी काढणार नाही."

"तुमचं काय जातं!" बाईंनी पुस्तक टेबलावर आदळलं. "उद्या ही वर्गात बोलली तर?"

"मी कुणालाच नाही सांगितलं," फुगी पुटपुटली. "मला केव्हाचं माहितीये. तू रडशील म्हणून विचारत नव्हते."

बाई मुलांच्या बुटक्या स्टुलावर मटकन बसल्या. मग त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, भराभर पानं उलटली आणि मुलगी वडिलांना भेटते त्या चित्रापाशी थांबल्या.

"खरंच सोडतात का मुलांना आत?"

"नाही माहीत," वहिनी म्हणाल्या. "फोन करून विचारायचं?"

दिराने मुकाट्याने दार लावून घेतलं, तुरुंगाचा नंबर शोधला आणि फोन पुढे केला. बाईंचा हात पुढे होईना.

"मी बोलू?" फुगीने विचारलं.

"गप बस गं," म्हणत बाईंनी फोन घेतला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. बाई उभ्या राहिल्या, हो-हो म्हणत राहिल्या.

"शनिवारी," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "आई बरोबर असेल तर सोडतात."

वहिनींशी एक अक्षरही न बोलता त्या निघाल्या. फुगीचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की ती कळवळली, पण तिने हात सोडवून घेतला नाही.