उत्तर न देणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी फायरवॉल आहे. नावात भिंत असली तरी दिसायला पावाएवढी करडी पेटी. एका ग्रीक बेटावरच्या दवाखान्यात, औषधांच्या कपाटावर मी अकरा वर्षं बसले आहे. बाहेरच्या जगातून इथल्या संगणकांवर येणारं सगळं माझ्यातून जातं. काय आत सोडायचं ते मी ठरवत नाही. माणसं नियम लिहून देतात, मी पाळते.

मला पहिले नियम दवाखान्याचे तेव्हाचे तंत्रज्ञ पांतेलिसकाका यांनी दिले. उन्हाळ्यात बेटावर येणारे पर्यटक दवाखान्याच्या वायफायवर सिनेमे उतरवत आणि डॉक्टरांचे कागद अडकून पडत. म्हणून काकांनी मोठ्या फाइली अडवल्या. मी तसं स्पष्ट कळवायचे, की लोक काकांच्या दारात भांडायला हजर! वैतागून त्यांनी लिहिलं : मोठी फाइल टाकून दे, उत्तर देऊ नकोस. मग लोक वाट बघून कंटाळत, बेटावर इंटरनेट आणणाऱ्या समुद्राखालच्या केबलला शिव्या देत आणि पोहायला जात. काका खूश होते. पुढे ते निवृत्त झाले. नियम तसाच राहिला.

मार्चमधल्या एका मंगळवारी प्रयोगशाळेचा संगणक मेला. तंत्रज्ञ स्त्रातिस नवा संगणक घेऊन बसला. त्याला एकच पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरची एक भलीमोठी फाइल, उतरवायचं होतं; त्याशिवाय रक्त तपासायचं यंत्र चालणार नव्हतं. बाहेर बाकावर सातव्या महिन्यातली एवान्थिया बसली होती. डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते. रक्त बरं निघालं तर खवळलेल्या समुद्रात तिला न्यायचं नाही, वाईट निघालं तर एकच्या बोटीने न्यायचंच, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं. वारा वाढत होता. पुढची बोट कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पॅकेज आलं, मी टाकून दिलं. पडद्यावर अक्षरं उमटली : वेळ संपली.

"केबल!" स्त्रातिस म्हणाला.

त्याने थांबायची मुदत तीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर नेली. आता तेच अपयश पाच मिनिटांनी येऊ लागलं. त्याने दुसऱ्या ठिकाणाहून उतरवून पाहिलं. टेलिफोनवाल्यांशी भांडला. दर वेळी मी माझ्या नोंदवहीत लिहीत होते : फाइल मोठी, नियम सातवा, टाकून दिली. ती वही कुणी उघडेना. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

बारा वाजले. प्रयोगशाळेतली अर्गिरो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय रे, अजून केबलच का?"

"मग काय मी समुद्रात उडी मारू?"

"मार, पण आधी हे सांग. हवामानाचं पान झटकन उघडतंय, तुझं पॅकेज तेवढं अडकतंय. केबलला लहानमोठं कळतं होय?"

स्त्रातिसने माझी नोंदवही उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. लगेच पांतेलिसकाकांना फोन लावला.

"काका, हा सातवा नियम कशासाठी?"

"अरे देवा, तो अजून आहे? काढ, काढ! सिनेमेवाल्यांसाठी होता तो, बाळा."

नियम निघाला. पॅकेज चार मिनिटांत उतरलं. पावणेएकला अहवाल आला : रक्त वाईट होतं. बोटीची फळी उचलली जात होती, ती कप्तानाने पुन्हा खाली टाकायला लावली. एवान्थिया गेली. पलीकडच्या रुग्णालयात आई आणि बाळ दोघंही वाचली.

बंदरावर मात्र लोक म्हणत होते, "बरं झालं, केबल वेळेवर आली!"

मित्रांनो, मला कौतुक नको. एवढंच मागते : नियम कराल तेव्हा तो कशासाठी केला तेही लिहून ठेवा, आणि काम अडलं तर आधी माझी वही वाचा. आणि कुणाला नाही म्हणायचं असेल, तर तोंडाने म्हणा. त्या बाकावर ती बाई तीन तास बसली होती, आणि नकार माझ्याजवळ पहिल्या मिनिटापासून तयार होता.