टेकवलेली मान

“मामाची मान वाकडी आलीय. सोमवारच्या आत सरळ करून देतो म्हणालाय स्टुडिओवाला,” असं म्हणत मर्विननं मोठी फ्रेम सोफ्यावर उभी केली.

ॲग्नेसनं चष्मा पुसून पाहिलं. तिचा भाऊ अर्बन, बाविशीतला. अंगात कडक गणवेश, हातात बंदूक. चेहरा तेवढा त्याचा.

“ही बंदूक कोणाची रे?”

“स्टुडिओवाल्यानं लावली. चौकाला नाव देतायत मम्मी, घरच्या शर्टातला फोटो चालेल काय?”

“फौजेत तो खेचरं घेऊन जायचा डोंगरावर, रेशन पोचवायला. पत्रात लिहिलेलं त्यानं. खेचरं हट्टी हायत, पण आपल्या म्हशींवानी बोललं की ऐकतात.”

“ते भाषणात सांगू ना.”

“आणि चांदरी?”

मर्विन फ्रेमची कड रुमालानं पुसू लागला. एकाहत्तरच्या लढाईत अर्बन गेला, तेव्हा मरोळच्या गावठाणात त्यांच्या तबेल्यात अकरा म्हशी होत्या. त्याचा एकच फोटो होता. त्यात तो चांदरी म्हशीच्या मानेवर डोकं टेकवून हसत होता. फोटो काचेला चिकटलेला. स्टुडिओत सोडवताना म्हशीच्या बाजूचा भुगा झाला, हाताला लागला तो फक्त चेहरा.

“म्हणून सांगते. मान वाकडी नाय ती. टेकवलेली हाय. तेवढी राहू दे.”

“लोकांना म्हैस दिसणार नाय ना मम्मी. वाकडी मानच दिसणार. हसतील यार.”

स्वयंपाकघरातून सून ॲमांडा डोकावली. “अंकलचा एखादा शर्ट तरी नाय काय? काचेत ठेवला असता.”

शर्ट होता. अर्बन भरती झाल्यावर चांदरी कोणाच्याच हाताला पान्हा सोडेना. मग अठरा वर्षांची ॲग्नेस भावाचा चौकड्यांचा शर्ट घालून, केस कॉलरीत खोचून तिच्याखाली बसली. चांदरीनं मान वळवून हुंगलं आणि बादलीत धार वाजली. तार आली त्या दिवशीही संध्याकाळची धार राहिलीच होती. ओसरीवर बाप आडवा पडलेला, गावातल्या बाया रडायला जमलेल्या, आणि ही शर्ट चढवून तबेल्यात गेली. पुढच्या जूनमध्ये तिला नर्सिंगला जायचं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दोनदा निरोप पाठवला. पण चांदरीला दुसरं कोणी चालत नव्हतं, आणि बाप अंथरुणातून उठलाच नाही.

“घालून घालून फाटला,” ॲग्नेस म्हणाली.

“काय मम्मी! शहिदाचा शर्ट!”

ॲग्नेसनं खिडकीकडं तोंड फिरवलं. अकरा मजले खाली, तबेल्याच्या जागी, गाड्या ओळीनं उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे ती इस्टरपासून खाली उतरली नव्हती.

“मी येणार नाय सोमवारी.”

“कार्डावर छापलंय, बहिणीच्या हस्ते. मी धरून नेतो ना तुला. तू फक्त हार घालायचा.” मर्विननं फोन कानाला लावला. “हां, बोला. करा सरळ. सकाळी माणूस पाठवा फ्रेम न्यायला.” बोलत बोलतच तो बाहेर पडला. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला.

ॲग्नेस काठी टेकत सोफ्यापाशी गेली. अर्बनचं डोकं ज्या बाजूला कललं होतं, त्या बाजूला बसली. खांदा फ्रेमला लावला. काच गार होती. मग तिनं खांदा जरा उचलला, डोक्याच्या बरोबर खाली येईल एवढा.

ॲमांडानं चहा आणून ठेवला. “अशी अवघडून काय बसलीस, मम्मी? मागं टेक ना.”

“असू दे गं,” ती म्हणाली. “सकाळपर्यंतच हाय.”

चहावर साय धरली, तरी ती हलली नाही.