रंगाखालची मेझुझा

मी एक जुनी सागवानी मेझुझा आहे, आणि खरे सांगायचे तर मला माझीच चीड येते. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल. ज्यू माणसांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीची एक डबी तिरपी ठोकलेली असते, ती मी. माझ्या पोटात चामड्याची एक गुंडाळी असते. देवावर मनापासून प्रेम कर, हे शब्द काळजावर धर, मुलाबाळांना शिकव, असे तिच्यावर हिब्रूत लिहिलेले असते. येता-जाता घरची माणसे मला बोट लावतात आणि ते बोट आपल्या ओठांना लावतात.

मला घडवले हनोकच्या वडिलांनी. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, धंद्याने सुतार. अलिबागकडून वसईला आले, गिरीजमध्ये केळीच्या वाडीलगत लहानसे घर बांधले आणि मला दारावर बसवले. आसपास ज्यूंचे घर असे आमचे एकच. ते वारल्यावर घर हनोककडे आले. हनोक एका कारखान्यात फिटर होता आणि नियमाला पक्का. वडील जसे करत तसेच्या तसे करायचा. दर वर्षी सणाआधी मला तेलरंगाचा एक हात द्यायचा.

रंगाचे थर चढत गेले आणि माझे झाकण पार चिकटून बसले. सात वर्षांत दोनदा मला उघडून आतली अक्षरे तपासायची असतात. हनोकला ते कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही कोणाला विचारले नाही. दर पावसाळ्यात ओल आत झिरपत होती. मला ते कळत होते. पण पाहुणे माझ्या चकाकीचे एवढे कौतुक करायचे, की मीही फुशारून गेले होते.

मग एकोणऐंशी सालचा दारफाळणीचा सण आला. हा वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा दिवस. आमच्या जुन्या रीतीप्रमाणे त्या दिवशी दार लावून घेतात, पांढरे कपडे घालतात आणि आदल्या संध्याकाळपासून त्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाण्याला शिवत नाहीत. बाहेरच्या कोणाशी बोलतही नाहीत. हनोकची बायको सिप्पोरा तीन दिवस जुलाबाने अंथरुणाला खिळली होती. तिला मीठ-साखरेचे पाणी सारखे पाजत राहा, असे डॉक्टरांनी बजावले होते. हनोकने दार लावले आणि पाण्याचा तांब्या फडताळात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिप्पोराने पाणी मागितले. त्यांची बारा वर्षांची मुलगी मिल्का फडताळाकडे धावली.

"आज नाही, पोरी," हनोक म्हणाला. "माझ्या आईनं अंगात ताप असतानाही हा उपास मोडला नव्हता. चांदण्या दिसल्या की दे."

"बाबा, तिचे ओठ बघा ना!"

"देव बघतोय सगळं. तू प्रार्थना कर."

तो निर्दय नव्हता. प्रार्थना करताना त्याला रडू आवरत नव्हते. म्हणूनच मला जास्त राग येतो.

मिल्काचे रडणे ऐकून शेजारची इझाबेलबाय वाडीतून पळत आली.

"हनोक, अरे दार उघड! तिला पानी तरी पाज. मी टांगा आनते, दवाखान्यात नेऊया."

आत हनोकने प्रार्थनेचा आवाज वाढवला. इझाबेलबाय माझ्या शेजारीच दारावर मुठी आपटत राहिली. चांदण्या दिसल्या तेव्हा हनोकने स्वतः पेला भरून नेला. सिप्पोराच्या तोंडात घातलेले पाणी गालावरून ओघळून उशीत मुरले. ती गेली होती.

ठाण्याहून म्हातारे आरोनकाका समाचाराला आले. तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनागृहात ते प्रार्थना चालवायचे. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली.

"हनोक, असल्या आजाऱ्यानं उपास करायचाच नसतो," ते म्हणाले. "जिवाला धोका असेल तर त्याला पाणी पाजणं, हाच देवाचा हुकूम. विचारायला का नाही आलास रे?"

"मला वाटलं, मला सगळं माहीत आहे."

निघताना माझ्यावरचे रंगाचे थर पाहून आरोनकाकांनी पटाशी मागितली आणि माझे झाकण उचकटले. आत एकही अक्षर उरले नव्हते. काळा, कुबट लगदा तेवढा निघाला. तो माझ्यातून बाहेर पडताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता माझ्यात नवी गुंडाळी आहे. तिच्यावरच्या ओळींचा अर्थ मिल्काने आरोनकाकांकडून वहीत उतरवून आणला. दर शनिवारी ती तो अर्थ बापाला वाचून दाखवते आणि हनोक तिच्यामागून म्हणतो. 'काळजावर धर' म्हणताना तो अडतो. मिल्का थांबते आणि पुढची ओळ वाचते. त्या वाचनाखेरीज ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही.

मित्रांनो, मला नुसते रंगवू नका. मला उघडा, माझ्यातले वाचा, कळले नाही तर जाणत्याला विचारा. आणि बंद दाराआड कोणी पाणी मागत असेल, तर माझ्याकडे बघत थांबू नका. दार फोडा.