सुकरीचे पालक

ताराबाईंनी टेबलासमोरची खुर्ची सरळ केली, तिच्यावरची धूळ रुमालाने झटकली आणि चपराशाला म्हणाल्या, "उमाजी, सुकरीच्या पालकांना आत पाठव."

उमाजी दारातून हलला नाही.

"आतमंदी मावत नाई, बाई."

"काय मावत नाही?"

"पालक."

ताराबाई खिडकीशी गेल्या. कॉलेजच्या आवारात पंचवीस-तीस माणसं उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पंचे, दोन-तीन बायांच्या पाठीला पोरं बांधलेली. एक म्हातारी पायरीवर बसून काडीने टाचेचा चिखल खरवडत होती. त्या सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या लुगड्यातली सुकरी मान खाली घालून उभी.

"यातले पालक कोण?"

"इचारलं ना मी. सारेच 'आमी' म्हनते."

वखारीची इमारत भाड्याने घेऊन चांद्यात हे कॉलेज निघालं, त्याला फार वर्षं झाली नव्हती. पाऊस आला की वर्गात अजून सागाच्या भुशाचा वास सुटायचा. त्यात गेल्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांनी 'विद्यार्थी सल्लागार' असं एक नवं पद काढलं आणि ते ताराबाईंच्या गळ्यात घातलं. इतर प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ताराबाईंना मात्र ते मनापासून आवडलं. त्या नागपूरला या विषयाचं चार आठवड्यांचं शिक्षण घेऊन आल्या आणि येताना एक तत्त्व पदराला बांधून आल्या: सल्लागाराने माहिती द्यावी, मत देऊ नये. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. हे तत्त्व त्या इतक्या निष्ठेने पाळत, की 'बाई, मी कोणता विषय घेऊ?' असं विचारायला आलेला मुलगा अर्ध्या तासाने तोच प्रश्न घेऊन बाहेर पडे.

पण सुकरीच्या बाबतीत त्यांचा जीव अडकला होता, हे खरं. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गोंड वस्तीतली ही मुलगी वरोऱ्याला राहून मॅट्रिक झाली होती, तीही गणितात शाळेत पहिली. ताराबाईंचं माहेर वरोऱ्याचं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने शब्द टाकला आणि ताराबाईंनी प्रिन्सिपॉलसाहेबांशी भांडून सायन्सच्या वर्गात एका मुलीची जागा राखून ठेवली. अट एकच: पालकाने स्वतः हजर राहून संमती द्यायची. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता खिडकी बंद. मग ती जागा नगराध्यक्षांच्या पुतण्याची, आणि पुढच्या वर्षी सुकरीला पुन्हा कोण आणून सोडणार?

शेवटी तिचा बाप एकटा आत आला. इसरू त्याचं नाव. त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"मुलीला सायन्सला घालायला तुमची संमती आहे ना?"

"गावले इचारतो."

"अहो, तुमचं गाव इथून तीन दिवसांच्या वाटेवर. आज शेवटचा दिवस आहे!"

"आलं ना गाव," इसरू समजुतीने म्हणाला. "बाहीर हाय."

ऐन रोवणी, म्हणजे भाताची लावणी, टाकून आले होते लोक. डोंग्यातून नदी उतरून मूल गावापर्यंत पायी, पुढे रेल्वेने. तिकिटं काढली होती की नाही, ते स्टेशनमास्तर जाणे.

ताराबाईंनी मग सुकरीला बोलावलं. तिच्यापुढे सायन्स म्हणजे काय, आर्ट्स म्हणजे काय, हे सगळं मांडलं आणि विचारलं, "तुझ्या स्वतःच्या मनात काय आहे?"

सुकरी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"भीती वाटते का?"

"नाई."

"मग बोल ना."

"इथी कशी बोलू?" एवढंच म्हणून ती बाहेर गेली.

बाहेर गाव बसलं. आवारात एक जुनं मोहाचं झाड होतं, त्याखाली गोल करून सगळे टेकले, बायाही त्यातच. गावाचा भूमिया, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा आणि बैठकीत पहिला शब्द काढणारा, पोचू नावाचा काटक म्हातारा, बुंध्याशी बसला. गोंडीत बोलणं सुरू झालं. ताराबाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. कोणाच्या निर्णयात आपली सावलीसुद्धा पडू नये, म्हणून दोन पावलं मागेच.

आणि मग सुकरी बोलली. टेबलासमोर जिच्या तोंडून चार शब्द निघाले नव्हते, ती पोरगी गुडघ्यांवर उभी राहून खणखणीत आवाजात बोलत होती, हातवारे करत होती, एका तरुणाने मध्ये तोंड घातलं तर त्याला झापत होती. ताराबाईंना त्यातलं फक्त 'चांदा' आणि 'गणित' कळलं. ही मुलगी मुखदुर्बळ आहे, असं त्यांनी मघाशीच प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून टाकलं होतं.

पाणी प्यायला उठलेल्या इसरूला त्यांनी गाठलं. "काय चाललंय?"

"पोरगी म्हनते, डाक्टरीन होतो. हिसाब येते मले, दवाईचाबी शिकीन. लच्छू म्हने, तिकडची होऊन जाईल. तं त्याले बोलली ते."

"आणि ती आजी काय विचारते?"

"बुधरी माय? तिच्याच हातावर झाली ना सुकरी. ते म्हनते, तापानं फनफनली तं उशाशी कोन?"

तो परत जाऊन बसला. तीन वाजले. एकेक जण बोलून घेत होता. कोणी कोणाला तोडत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. चार वाजले. आणि मग बोलणं थांबलं. ठरलं म्हणावं तर कोणी उठेना, मोडलं म्हणावं तर कोणी चिडलेलं दिसेना. तंबाखूची डबी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. एका बाईने पोर पाजायला घेतलं. सगळे शांत बसून राहिले, रोवणी वगैरे काही नसल्यासारखे.

"घोडं पेंड खाते कुठी?" कार्यालयाच्या खिडकीतून हेडक्लार्क खुशालराव डोकावले. "बाई, पाचाले मी खिडकी लावतो. मंग मले दोष नोका देऊ."

"अजून वेळ आहे, खुशालराव."

"बाप हाजर हाय ना? त्याचा अंगठा घ्या अन् मोकळ्या व्हा. सारं गाव काऊन पाह्यजे?"

मोह वाईट. ताराबाई खाली उतरल्या, इसरूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही बाप आहात. तुमचा एकट्याचा अंगठा पुरतो. चला."

इसरूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"साऱ्याईचं झाल्याबिगर नाई, बाई. एकजन जरी राह्यला, तं गाव उठत नाई."

"पण राहिलंय कोण?"

इसरूने खाली पाहिलं. पाहुण्याला त्याच्या तोंडावर कसं सांगावं, अशा संकोचाने तो परत जागेवर जाऊन बसला.

ताराबाईंनी गोलावरून नजर फिरवली आणि त्यांना वाटलं, कळलं. ती बुधरी. बराच वेळ ती एक शब्द बोलली नव्हती आणि सारखी ताराबाईंकडेच रोखून बघत होती. पोरीला शहरात ठेवायला हिचाच विरोध. खेड्यात एक म्हातारी अडून बसली की ब्रह्मदेवाचंही चालत नाही, हे त्या वरोऱ्याला लहानपणापासून बघत आल्या होत्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. खुशालरावांनी खिडकीचं एक दार लावून घेतलं, मुद्दाम आवाज करून.

ताराबाईंना रडू यायचंच बाकी राहिलं होतं. भांडून मिळवलेली जागा, गणितात पहिली आलेली पोर, तीन दिवसांची वाट करून आलेलं गाव, आणि सगळं एका म्हातारीपायी पाण्यात जाणार! तत्त्व गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणत त्या तरातरा गोलापाशी गेल्या.

"आजी, तुमची अडचण तरी काय आहे? सगळ्यांचं झालं, तुम्ही एकट्याच का अडवून धरलंय?"

बुधरीने डोळे मोठे केले. शेजारणीकडे पाहिलं. मग पोचूकडे पाहिलं.

"मी? मी काऊन अडवू? आमचं तं कवाच झालं वो, माय. चार वाजताच झालं."

"मग उठत का नाही?"

"तुमीच बोलून नाई राह्यल्या ना!"

ताराबाई उभ्याच राहिल्या.

"पोरीले ठेवून कोन घेनार? तुमी," बुधरी बोटांवर मोजत म्हणाली. "तिले शिकवनार तुमी, रागावनार तुमी. मंग तुमचा बोल नोको? तवाच्यान वाट पाहून राह्यलो आमी. तुमी तं तिकडं खांबाले टेकून उभ्या."

"अहो, पण मी फक्त सल्लागार... निर्णय तुमचा..." हे वाक्य त्या वर्षभर दिवसातून दहादा बोलत होत्या. आज ते अर्ध्यावरच राहिलं.

पोचू पहिल्यांदाच मराठीत बोलला. "उभ्यानं बोललं ते गावाचं नाई, बाई. खाली बसा."

कांजी केलेलं पातळ सावरायचंही भान त्यांना राहिलं नाही. दोन बाया सरकल्या, त्यांच्यामध्ये ओल्या मातीवर ताराबाई मांडी घालून बसल्या. तीस जणांचे डोळे त्यांच्यावर. कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून यायची ती वरोऱ्याची बोली आपसूक तोंडात आली.

"मले इचारता, तं सांगतो. पोरगी लय हुशार हाय. मले वाटते, तिनं सायन्सच घ्यावं. आर्ट्स नाई. डाक्टरीन होईल का, ते मले नाई माहीत. पन होऊ शकते."

"अन् ताप आला तं?" बुधरीने विचारलं.

"माह्या घरी आनतो. मी बसतो उशाशी."

"सनाले धाडान?" पोचूने विचारलं.

"धाडतो. नाई धाडलं, तं तुमी न्यायले या."

"अन् नापास झाली तं?" हा मघाचा लच्छू.

ताराबाईंनी सुकरीकडे पाहिलं. सुकरी आता मान वर करून त्यांच्याकडे बघत होती, न लाजता, जोखून.

"होनार नाई," ताराबाई म्हणाल्या. "अन् झालीच, तं मी तुमच्या गावाले येतो. या साऱ्याईच्या समोर बसतो अन् सांगतो का माहं चुकलं म्हनून."

गोंडीत ते पलीकडच्यांना सांगितलं गेलं. पोचूने बुंध्याकडून सुरुवात करून एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मान हलत गेली, हलत गेली, बुधरीशी आली, हलली, आणि ताराबाईंपाशी येऊन थांबली. सगळे थांबले. ताराबाईंना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनीही मान हलवली.

आणि गाव उठलं! एकदम, सगळं, पाठीवरच्या पोरांसकट. बायांनी सुकरीला मध्ये घेतलं, कोणीतरी लांब हेल काढून हाळी दिली, मोहावरचे कावळे उडाले आणि वर्गांच्या खिडक्यांतून प्राध्यापकांची डोकी बाहेर आली. ताराबाई सगळ्यांच्या पुढे धावत होत्या, पाठीमागे चिखलाचा हा मोठा डाग घेऊन. त्यांना हसू आवरत नव्हतं. इतक्या मोठ्याने आपण कॉलेजात कधी हसलो नव्हतो, हे त्यांना धावतानाच जाणवलं.

खुशालराव दुसरं दार लावायच्या बेतात होते. फटीतून आधी ताराबाईंचा हात आत गेला.

"पाच व्हायचे आहेत! उघडा!"

घड्याळाकडे बघून त्यांनी नाइलाजाने दार उघडलं आणि समोरची गर्दी पाहून चष्मा वर सरकवला.

"अंगठा कोनाचा घेऊ?"

"ज्याचा तुमाले आवडते त्याचा घ्या," ताराबाई म्हणाल्या. "कोनाचाबी घेतला तरी तोच हाय."

इसरूने अंगठा उठवला. लच्छूने मागून विचारलं, आमचा नाही का लागत? नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. सुकरीने मात्र सही केली, खाली वाकून, जीभ दातांत धरून, पूर्ण नावाची.

गाडी सहाची होती. रोवणी थांबत नाही, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. ताराबाई सुकरीला बरोबर घेऊन फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. बुधरीने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, ताराबाईंच्याही फिरवला आणि मागे न बघता चालू लागली.

पोचू तेवढा मागे थांबला.

"रोवनी झाली का गाव बसनार हाय," तो म्हणाला. "तळ्याचा बांध कुठून घालाचा, त्याचं ठरवाचं हाय. तुमी या."

"बांधातलं मला काय कळतं, भूमियाभाऊ?"

"ते बसल्यावर पाहू. पन या. आज तुमी आमच्यात बसल्या, आता तुमच्याबिगर आमाले उठता नाई येत."

हे तो थट्टेने म्हणाला नव्हता. ताराबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. मागे व्हरांड्यात प्रिन्सिपॉलसाहेब हाताची घडी घालून उभे होते, त्यांना बहुधा काहीतरी विचारायचं होतं. ताराबाई वळल्या नाहीत.

"मूलपर्यंत रेल्वेनं येतो," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं कसं याचं, ते सांगा."