अर्धा हार आक्कांचा

सोन्याच्या पेढीत जाऊन सोनं न घेता ताठ मानेनं बाहेर पडणं हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. त्याला अंगात धमक लागते, चेहरा सरळ ठेवता यावा लागतो आणि मुख्य म्हणजे जोडीला माणूस लागतं. अंजनाला जोडीला तिची थोरली जाऊ होती. लीलाबाई. अंजना त्यांना आक्का म्हणायची.

वाळव्याच्या बाजूचं गाव, बघाल तिकडं ऊस. लग्नसराई आली की दोघी जावा सकाळची एसटी धरून आष्ट्यावरनं सांगलीला जायच्या. तिथं काचेच्या दारांची मोठी पेढी होती. आत गारेगार हवा, बसायला मऊ खुर्च्या आणि वर फुकटचा चहा. दारातनं आत पाऊल पडलं की आक्का भाषाच बदलायच्या. गावात म्हशीवर खेकसणारी बाई तिथं गोड आवाजात म्हणायची, “आम्हाला जरा भारीतलं दाखवा हो.” अंजना हसू आवरायला पदर तोंडाला लावायची. मग मखमलीच्या तबकातनं हार यायचा आणि दोघी तो डोळ्यांनी उचलून न्यायच्या.

म्हणजे कसं, ते नीट सांगायला पाहिजे. पेढीत फोटो काढू देत नाहीत आणि तबकात हार दुमडलेला असतो, घडण कळत नाही. तेव्हा हार अंजनानं घालायचा. गळ्यात हार असलेल्या बाईनं मान खाली घातली की तिला काय दिसतं? खालचा अर्धा हार. पदक, त्याच्या कडेची पानं, खाली लोंबणारे मोती. हनुवटीखालचा वरचा अर्धा भाग तिला जन्मात दिसायचा नाही. तो समोर बसून आक्कांनी बघायचा. सर किती, मणी गोल का लांबट, सर कुठं एकत्र येतात, सगळं. बघून झालं की आक्का म्हणायच्या, “मालकांना विचारून येतो हं,” आणि दोघी जिना उतरून थेट सराफ कट्ट्यामागच्या बोळात. तिथं बिराप्पाचं खोपटाएवढं दुकान. अथणीकडचा माणूस, पितळेवर सोन्याचं पाणी असं चढवायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. अंजना खालचं सांगायची, आक्का वरचं सांगायच्या आणि आठवड्यात हार तयार. आता ह्याला कुणी चोरी म्हणेल. म्हणू दे. सोन्याचा भाव नुसता ऐकला तरी घाम फुटतो आणि बाईच्या जिवाला काय हौस नसते?

तर अशी ही जोडी. आणि ती वर्षभरापूर्वी फुटली.

झालं काय, गावात एकीचं डोहाळजेवण होतं. अंजना नवा हार घालून मिरवत होती. इस्लामपूरहून आलेल्या एका बाईनं तो हातात धरून विचारलं, किती तोळ्याचा हो? अंजना नुसती हसली. समजायचं ते समजू दे म्हणाली मनात. तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून आक्कांचा आवाज आला, “आवं तोळ्याचा कसला? बिराप्पाकडचा हाय त्यो. आमी दोघींनी केलाय.”

बायका हसल्या. इस्लामपूरच्या बाईनं हार हातातनं सोडला. अंजनाला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. ती जेवण टाकून घरी आली आणि त्या दिवसापासून आक्कांशी बोलायची बंद झाली.

दोन्ही घरांत एकच भिंत. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज अलीकडं यायचा. पण तोंड दिसलं की अंजना तोंड फिरवायची. आक्कांनी आधी दोन-चारदा हाक मारून बघितली, मग त्यांनीही नाद सोडला. काही निरोप असला तर तो अंजनाच्या नवऱ्यानं, नाथाजीनं, न्यायचा. “फौजेतनं हवालदार म्हणून सुटलो आन् घरात टपालवाला झालो,” असं तो येईल त्याला सांगायचा. भावाभावांत काही नव्हतं. आक्कांचा नवरा कोंडीबा आणि नाथाजी रोज एका कट्ट्यावर बसायचे आणि बायकांचा विषय निघाला की दोघंही उसाच्या तोडीवर बोलायला लागायचे.

अशात अंजनाच्या लेकीचं, शिवांजलीचं, लग्न ठरलं. मुलगा लोणंदचा, कंपनीत नोकरीला. मंगळसूत्र करायला मायलेकी पेढीवर गेल्या. मंगळसूत्र झालं, दोन बांगड्या झाल्या, नाथाजीनं दिलेले पैसे तिथं संपले. शिवांजली शहाणी पोर, तिनं काही मागितलं नाही. फक्त निघताना काचेआडच्या एका राणीहाराकडं तिनं वळून बघितलं आणि जिन्यापाशी पोचल्यावर पुन्हा एकदा बघितलं. तेवढं अंजनाला पुरलं. ती मनात म्हणाली, हा हार माझ्या लेकीच्या गळ्यात पडलाच पाहिजे.

पुढच्याच आठवड्यात ती एकटी पेढीवर गेली. हार गळ्यात घातला, मान खाली घालून पदक बघून घेतलं. वरचं बघायला आरसा मागितला. आणि तिथंच सगळं घोडं अडलं. आरशात हार दिसतो हे ज्यानं सांगितलं त्यानं कधी आरशात बघितलं नसावं. आरशात आपलं तोंड दिसतं. अंजनाला कानाजवळचे पांढरे केस दिसले, डोळ्यांखालचं काळं दिसलं, उन्हानं रापलेला गळा दिसला. पोरीचं लग्न आलं, आपण म्हातारी झालो, असलं काहीबाही मनात येत राहिलं. तबक परत गेलं तेव्हा वरच्या अर्ध्या हाराचं एक अक्षर तिच्या डोक्यात उरलं नव्हतं.

बिराप्पानं खालचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, वर काय?”

“वर मणी.”

“मणी तर हाय, कसला मणी? सर किती?”

 बिराप्पानं चष्मा काढला. “दुसऱ्या ताई कुठं हाईत? त्यास्नी आणा की. अर्धा हार मी कुठल्या गळ्यात घालू?”

घरी येऊन शिवांजलीला विचारलं, तर तिनं मोबाईलवर हारांची रांग लावून दिली. एकापेक्षा एक देखणे होते, पण तो एकातही नव्हता. लग्न तोंडावर आलेलं, नवरीला आता वेस ओलांडू देत नाहीत, म्हणजे तिला पेढीवर न्यायचंही राहिलं. “जाऊ दे गं आई, मला नको हार,” असं शिवांजली म्हणाली आणि त्यामुळं तर अंजनाचा जीव आणखीच तुटला. नाथाजी म्हणाला, “वैनीला निरोप देऊ का?” अंजनानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पायताण घालून बाहेर पडला.

पण रात्र झाली की माणूस स्वतःशी किती खोटं बोलणार? आक्कांवर राग होता, खरं आहे. पण राग केव्हाच शिळा झाला होता. उरली होती ती नुसती लाज, की आता आपण होऊन कसं बोलायचं. वर्षभर तोंड फिरवलेल्या बाईला पहिलं वाक्य सापडत नाही, मग ती बाई कितीही बोलकी असो.

सकाळी ती भिंतीच्या पलीकडं गेली. आक्का परसात सुपात गहू घेऊन पाखडत बसल्या होत्या. अंजना सुपाजवळ येऊन टेकली. मग म्हणाली, “आक्का, उद्या सांगलीला जायचं हाय.”

आक्कांनी वर बघितलं नाही. सुपातला खडा वेचून टाकला.

“गाडी कितीची?” त्या म्हणाल्या.

एवढंच. ना तू का बोलत नव्हतीस, ना आता बरी आठवण झाली. अंजना मनात किती उत्तरं जुळवून गेली होती, सगळी वाया गेली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि उगीचच डोळे पुसले.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. आक्कांनी खिडकी अंजनाला दिली.  आष्ट्यात आक्कांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि दोघींच्या मधे धरली. अंजनानं हार कसा आहे ते सांगितलं, पोरगी कशी वळून बघत होती ते सांगितलं. आक्कांनी मान हलवली. “घिऊ करून,” म्हणाल्या. मागचा विषय कुणीच काढला नाही.

पेढीत शिरताच आक्कांची भाषा बदलली, अगदी पहिल्यासारखी. “जरा तो राणीहार दाखवा हो, ह्यांच्या मुलीचं लग्न आहे.” अंजनाला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना. काउंटरवरच्या मुलीनं हार तिच्या गळ्यात घातला. अंजनानं मान खाली घातली आणि पदक पुन्हा एकदा डोळ्यांत भरून घेतलं. समोर आक्का बसल्या होत्या, टक लावून बघत. चांगली पाच-सात मिनिटं बघितलं असेल. वा, अंजना मनात म्हणाली, आक्का त्या आक्काच, आज एक मणी सुटायचा नाही. चहा झाला, मालकांना विचारून येतो झालं, दोघी बोळात आल्या.

बिराप्पानं दोघींना एकदम बघून स्टुलं पुसली. अंजनानं खालचं सांगितलं. बिराप्पानं कागदावर पदक काढलं, पानं काढली, मग पेन्सिल वर नेली. “हं, आता मोठ्या ताई. सर किती?”

आक्कांनी पदर सारखा केला.

“आक्का, सांगा की,” अंजना म्हणाली.

“मला न्हाई म्हाईत,” आक्का म्हणाल्या.

“म्हाईत न्हाई म्हंजे? एवढा वेळ बघत हुता न्हवं?”

“म्या हार बघितलाच न्हाई.”

अंजनाच्या डोक्यात तिडीक गेली. वर्षाचा शिळा राग एका क्षणात ताजा झाला. “मुद्दाम केलंसा व्हय आक्का? माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढा. पोरीनं काय केलं तुमचं? तुमच्याच मांडीवर वाढली की ती.”

बिराप्पा उठला आणि काही काम नसताना बाहेर जाऊन उभा राहिला. शहाणा माणूस.

आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मुद्दाम कशाला करू गं,” त्या म्हणाल्या. “वरीस झालं, तुझं तोंड म्या धड बघितलं न्हाई. भिंतीपल्याडनं नुसता आवाज यायचा. खोकलीस तर कळायचं, हसलीस तर कळायचं. दिसायची तवा पाठ दिसायची. आज समोर बसलीस तर म्हटलं आधी हिला बघून घ्यावं, मग हार बघू. बघता बघता त्या पोरीनं हार काढून बी घेतला.” मग म्हणाल्या, “लय वाळलीस गं अंजना. जेवत न्हाईस व्हय?”



“आन् त्या डोहाळजेवणात,” आक्का पुढं म्हणाल्या, “मी तुला खाली बघायला लावलं असं तुला वाटलं. मला गं कौतिक वाटलं हुतं. आपण दोघींनी केलाय म्हणून सांगावंसं वाटलं. तुला ते लागंल हे माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई. चुकलंच माझं.”

वर्षभर अंजनानं ते वाक्य मनात हजारदा ऐकलं होतं. ‘बिराप्पाकडचा हाय’ एवढंच ऐकलं होतं. ‘आमी दोघींनी केलाय’ हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ती स्टुलावर बसल्या जागी आक्कांच्या खांद्याला डोकं लावून रडली, पितळेच्या चुऱ्यात आणि पॉलिशच्या वासात, आणि कोण बघतंय ह्याची तिला काही फिकीर राहिली नाही. आक्का तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

जरा वेळानं बिराप्पानं दारातनं डोकावून विचारलं, “मग ताई, हार करायचा का न्हाई?”

“करायचा,” अंजना नाक पुसत म्हणाली. “आलोच आमी.”

दोघी पुन्हा तो जिना चढल्या. एकाच दिवशी दोनदा पेढीवर जायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिनं दोघींच्या लाल डोळ्यांकडं बघितलं आणि काही न विचारता तोच हार पुन्हा तबकात ठेवला. ती अंजनाच्या गळ्याकडं वळली तशी अंजना मागं सरली.

“मला नको. ह्यांना घाला.”

“मला कशाला?” आक्का शहरी भाषा विसरून म्हणाल्या. “माझ्या गळ्यात काय शोभा त्याची? म्या कवा घातलाय?”

“न्हाई घातला म्हणूनच. खालचं मला पाठ हाय. आज मी वरचं बघती.”

मुलीनं हार घातला. आक्का खुर्चीत अवघडून बसल्या, हात मांडीवर, पाठ ताठ, तपासायला डॉक्टरांपुढं बसावं तशा. मुलीनं आरसा उचलून त्यांच्यापुढं धरला. आक्कांनी हातानंच तो बाजूला सारला.

“आरसा कशाला गं बाई,” त्या म्हणाल्या. “ती बघतीया न्हवं.”

अंजना बघत होती. आधी आक्कांना पोटभर बघून घेतलं, मग खुर्ची पुढं ओढली आणि हाराचे सर मोजायला लागली.