वेस साठ पावलांवर

जात्यावर पहिली ओळ शरणम्मा म्हणायची, दुसरी तिची लेक महानंदा जोडायची. पुढं घरात गिरणीचं पीठ आलं, जातं पालथं पडलं, पण ओव्या काही सुटल्या नाहीत. बाजेला खिळलेली म्हातारी एक दिवस म्हणाली, "महानंदे, माझ्या वक्ताला रडारड नको. गावच्या येशीपस्तोर वव्या म्हणत चल."

"अव्वा, मला उंबरा ओलांडवंना, अन् तू येस सांगतीस."

"मग शिक की. मी काय आजच निघालेय व्हय?"

महानंदाला मल्टिपल स्क्लेरोसिस होतं. मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण झिजत चाललेलं, पायांना निरोपच उशिरा पोचायचे. नवऱ्यानं तिला दोन वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं, ते सोडलंच. भाऊ शिवपुत्र तिला उमरग्याच्या दवाखान्यात न्यायचा. तिथं शिवप्रिया मॅडम तिच्याकडून चालण्याचा सराव करून घ्यायच्या. तीन महिन्यांत काठी टेकत, मुकाट्यानं, ती साठ पावलं टाकू लागली. घरापासून वेस तेवढीच होती.

मग मॅडमनी तिच्या डोक्यावर मेंदूचं काम पडद्यावर दाखवणारी तारांची टोपी चढवली. "आता ओवी म्हणत चला, ताई."

चौथ्या पावलाला गुडघा दुमडला. पडद्यावर कपाळामागचा भाग लालभडक झाला होता.

"आमचे पाय आपसूक चालतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला एकेक पाऊल डोक्यानं उचलावं लागतं. मग गाण्याला जागा कुठं उरायची?"

"उरंल का कधी?"

"सराव करू. शब्द देत नाही."

सरावानं ओवी नवव्या पावलापर्यंत आली, आणि शरणम्मा गेली.

बसत्या, सजवलेल्या तिरडीला तिकडं विमान म्हणतात; त्या विमानात बसून म्हातारी निघाली. पुढं हलगी. शिवपुत्र कानाशी पुटपुटला, "अक्का, गप चल. पडलीस तर लोकांनी तुला उचलायचं का अव्वाला?"

तिनं तरी सूर लावला. नवव्या पावलाला पाय गेला. काठीनं सावरलं. गप्प राहिली असती तर वेस गाठता आली असती, एवढं बळ पायांत होतं. तिनं विमानाकडं पाहिलं, काठी मातीत रोवली, आणि जागीच उभी राहून म्हणाली,

"अव्वा चालली गं माझी, पायी लागंना धूळ,
लेक उभी वाटंवर, पायां फुटलं मूळ."

दोन्ही ओळी आज तिलाच म्हणाव्या लागल्या. कुणी मागं वळलं नाही. हलगी जोरात होती. विमान वेशीतून बाहेर पडलं. ओवी तिथवर गेली नाही.