गोलपोस्टाले झालर

“भाऊ, हे स्टेडियम माह्या लग्नाआधी उघडन का नंतर?”

प्रश्न दिव्यानीचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं, आवाज तिचा, माइकही तिच्याच हातात. पण डोकं टुंपा आणि प्रिया या तिच्या दोन जिवलग वैरिणींचं. शर्त सोपी होती. शाळेच्या बक्षीस समारंभात, भर सभेत, नगरसेवक लटारूभाऊंना हे विचारलं तर आठवडाभर तर्री-पोहे त्यांच्याकडून. नाही विचारलं तर वर्षभर दोघींच्या सायकलींत हवा दिव्यानीने भरायची. हवा भरायचा दिव्यानीला मनापासून कंटाळा.

मुख्याध्यापिका बाईंच्या हातातला पुष्पगुच्छ तिरपा झाला, खेळाच्या घोडमारे सरांनी डोळे मिटून घेतले. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

हसणारच. चंद्रपूर शहराच्या ऐन मधात, जटपुरा गेटापासून चालत जाता येईल अशा जागी, फुटबॉलचं नवंकोरं स्टेडियम कधीचं बांधून तयार होतं आणि कुलूप लावून ठेवलं होतं. उद्घाटनाला मंत्री पाहिजे आणि मंत्र्यांना वेळ पाहिजे. दोनदा मुहूर्त निघाला, दोनदा मंडप पडायच्या आधीच पाहुणे फिरले. तोवर गावात अफवांचं पीक आलं. कोणी म्हणे आत गवतच नाही, हिरवा रंग मारलाय. कोणी म्हणे आत बिबट राहते अन् वनखात्याचे लोक त्याच्या बाहेर निघण्याची वाट पाहून राह्यले. चंद्रपुरात ही दुसरी अफवा लोकांना जास्त पटली.

लटारूभाऊ मात्र मुरलेला गडी. हात जोडून, हसत हसत म्हणाले, “पोरी, लग्नाचं काय घेऊन बसली? तुह्या परीक्षेच्याही आधी उघडतो! येत्या रविवारी! अन् पहिली मॅच तुमा पोरींचीच!”

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात भाऊंनाही कळलं नाही आपण काय बोलून गेलो. कोणाच्या तरी मोबाईलमध्ये सगळं रेकॉर्ड झालं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते चहाच्या टपऱ्यांवरून, ऑटो स्टँडवरून, कोळसा खाणीच्या कॉलन्यांतून फिरत फिरत थेट मंत्र्यांच्या मोबाईलपर्यंत गेलं. मंत्र्यांनाही एकदम वेळ सापडला. भाऊंची माघार घ्यायची वाटच बंद झाली.

दिव्यानीला त्या दिवसापासून चालताना जमीन थोडी खाली राहिल्यासारखी वाटू लागली. मागच्या वर्षीपर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. उंच वाढली, अंगणातल्या बांबूसारखी, आणि उंचीचं काय करायचं हे न कळून पाठीत वाकून चालायची. घोडमारे सरांनी तिला शाळेच्या फुटबॉल टीमच्या गोलमध्ये उभं केलं ते काही गुण पाहून नाही. बाकी कुठेही उभी केली की ती मध्ये येत होती म्हणून. पहिल्याच दिवशी टुंपाने मारलेला बॉल तिच्या नाकावर बसला. नाक सुजलं, पण गोल झाला नाही. पोरी तिला उचलून नाचल्या. नाकातून रक्त गळतंय आणि आपण हसतोय, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा झालं. तेव्हापासून पाठ सरळ.

इकडे शहर पिसाळलं. फुटबॉलचं वेड चंद्रपुरात कोपऱ्या-कोपऱ्यात होतं, त्याला घर मिळालं नव्हतं इतकंच. ऑटोवाल्यांनी अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे बाहेर काढले. पोरींच्या शाळेच्या मॅचमध्ये हे दोन देश कुठून आले असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती. टुंपा शाळेसाठी चंद्रपुरात रूम करून राहायची; तिचं गाव तिकडे गडचिरोलीत, मुलचेऱ्याकडचं बंगाली गाव. तिथे म्हणे पोट्टं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. तिच्या काकांनी गावातल्या लोकांसाठी दोन काळी-पिवळी जीपगाड्या ठरवल्या, आणि जागेवरून गावात भांडणं लागली. सिरोंचावरून घोडमारे सरांच्या साळ्याचा फोन आला, “बावा, आमच्यासाठी सावलीतली जागा धरून ठेवजा.”

आणि मुखरूभाऊ. खाणीतून रिटायर झालेले, कॉलनीच्या टीमचे एके काळचे गोलकीपर. ते रोज सकाळी घरून प्लास्टिकची खुर्ची आणून स्टेडियमच्या गेटासमोर बसत. कोणी विचारलं, “काय गा मुखरूभाऊ, रविवारला टाइम हाय अजून,” तर म्हणत, “मले माहीत हाय. मी जागेची सवय करून राह्यलो.”

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना गुरुवारी संध्याकाळी दिव्यानीचे बाबा पेढे घेऊन घरी आले.

प्रफुलभाऊंचं बिछायत केंद्र. मंडप, खुर्च्या, सोफे, झालरी, कार्पेट, जनरेटर. गावातलं कोणतंही लग्न, बारसं किंवा तेरवी त्यांच्या खुर्चीवर बसल्याशिवाय पार पडत नसे. पण एवढ्या वर्षांत मंत्र्याचा कार्यक्रम कधी वाट्याला आला नव्हता. तो आता आला.

“स्टेडियमचं उद्घाटन! पूर्ण काम आपल्याले!” बाबांनी दिव्यानीच्या तोंडात पेढा कोंबला. “तुह्याच प्रश्नानं झालं हे, दिव्या! भाऊ सोता म्हणाले, प्रफुल, तुह्या पोरीनं मले अडकवलं, आता तू सोडव.”

दिव्यानी नाचली. आई, रीताबाई, शेजारणीची पैठणी मागायला आधीच निघाली होती. मग बाबांनी फरशीवर खडूने मैदान काढलं आणि आगपेटीच्या काड्या मांडायला लागले, आणि दिव्यानी नाचता नाचता थांबली.

“मैदान पाहून आलो आज. काय सांगू तुले! आजपर्यंत पाह्यलं नाई असं. दरवेळी आपण जागा मोजा, दोरी लावा, चुना टाका. इथी सगळं आखून तयार! कोण्या इंजिनिअरनं पहिल्यांदा डोकं लावलं बिछायतवाल्याच्या सोयीसाठी.” त्यांनी मधल्या वर्तुळावर काडेपेटी ठेवली. “हे पाय, बरोब्बर मधात गोल आखला हाय. स्टेज इथी. बाजूले ही मोठी चौकट, यात व्हीआयपी सोफे. तिच्या आतली लहान चौकट आमदार-खासदारांची.”

“बाबा, ते पेनल्टी एरिया होय.”

“नाव काई असो. सोफे मस्त बसते. अन् ह्या टोकाले,” बाबांचा आवाज भक्तिभावाने हळू झाला, “कमान! तयार कमान, लोखंडी, पांढरी, वरून मागं जाळी लावलेली. जाळी काढून टाकली की झालं. झालर लावू, फुगे लावू, ‘सुस्वागतम्’ लावू. मंत्री त्यातून आत येतीन.”

“बाबा! ते गोलपोस्ट होय!”

“होय ना. तेच म्हणतो. अन् कमानीत ताट घेऊन कोण राह्यणार? माही पोरगी! पैठणी नेसून!”

आता यात बाबांचा दोष किती? फुटबॉलच्या मॅचा रविवारी आणि लग्नंही रविवारीच. दिव्यानी कुठे कुठे खेळून आली, तेव्हा बाबा कुठे कुठे खुर्च्या मांडत होते. त्यांनी पोरीला गोलमध्ये उभं असलेलं कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती हरली की गप्प आणि जिंकली की बडबडी, एवढाच त्यांचा फुटबॉल.

“अन् मॅच कुठी होईन?” दिव्यानीने विचारलं.

बाबांनी फरशीवर पाहिलं. काड्या, पेटी, सगळं नीट मांडलेलं. “भाऊ पाहतीन ना ते,” ते म्हणाले.

भाऊंनी काय पाहिलं ते दिव्यानी शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याच ऑफिसात जाऊन विचारून आली. सोबत अख्खी टीम होती, पण दारातून आत ती एकटीच गेली. बाकीच्यांना एकदम बाहेरच्या नोटीस बोर्डात रस आला.

“मॅच होणार म्हणजे होणार!” भाऊ म्हणाले. “मंत्री बॉलले पाय लावतीन, तुमी पोरी मांगं धावजा, फोटो निघाले की झालं. पाच मिनिटं.”

“भाऊ, मॅच नव्वद मिनिटांची राह्यते. पोरींची शाळेची असली तरी तासभर तरी.”

“अवं, तासभर मंत्री उन्हात बसतीन काय? तू भल्ली बोलते हं, पोरी.”

बाहेर आल्यावर टीमने तिला असं घेरलं जसं काही तिनेच मैदान विकून खाल्लं.

“फोटोपुरती मॅच!” प्रिया म्हणाली. “माह्या आत्या कोरपन्यावरून येऊन राह्यल्या. मी त्याईले काय फोटो दाखवू?”

“ए मा! दोन गाड्या भरून लोक येतात माह्या गावचे,” टुंपा म्हणाली. “सोफे पाहाले? सोफे त्याईनं पाह्यले हाय. दिव्या, तुह्या बाबाच्या मंडपानं आपली मॅच खाल्ली.”

“माह्या बाबाले काऊन बोलते बे?”

“मंग कोणाले बोलू? ऐक. शनिवारी मैदानात दोन-चार गाई सोडून देऊ. माह्या रूमच्या मागं हायेच. झालरी खाऊन टाकतीन. गाईले कोण काय म्हणन?”

पोरी हसल्या. योजना तशी झकास होती. गाईंचा वापर आजवर लोकांनी याहून वाईट कामांना केलेला आहे. दिव्यानी मात्र हसली नाही. तिला त्या झालरी माहीत होत्या. लाल-पिवळ्या, नव्या, बाबांनी नागपूरवरून आणून अजून प्लास्टिकमधून काढल्याही नव्हत्या; कोणत्याही लग्नाला वापरल्या नव्हत्या. मोठ्या कामासाठी ठेवल्या होत्या.

“गाई नाई,” ती म्हणाली.

“मंग ताट धर,” टुंपा म्हणाली आणि सायकल काढून निघून गेली. प्रियाही गेली, मग बाकीच्याही. नोटीस बोर्डापाशी दिव्यानी एकटी राहिली.

शनिवारी उन्हं कलल्यावर ती स्टेडियमवर गेली. गेटाबाहेर जत्रा. लोक सळ्यांना चिकटून आत पाहत होते. कोणी पोरगं खांद्यावर, कोणी स्वतः भिंतीवर. गवत खरंच होतं हे एकदाचं सिद्ध झाल्याने वातावरणात समाधान होतं. मुखरूभाऊ खुर्चीवर उभे होते.

आत बाबांची माणसं धावपळीत. मधल्या वर्तुळात स्टेजचा सांगाडा पडलेला. आणि टोकाला शिडीवर बाबा, गोलपोस्टाच्या आडव्या दांडीला पहिली झालर बांधताना. जाळी घडी करून बाजूला ठेवली होती, चादरीसारखी, नीटनेटकी.

“ओ बिछायतवाले!” बाहेरून मुखरूभाऊ ओरडले. “गोलले साडी काऊन नेसवून राह्यले गा?”

गर्दी खदखदली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले. “दिव्या, बरं झालं आली. आई डबा घेऊन येते. तू जरा मधात उभी राह्य. ‘सुस्वागतम्’ किती खाली घ्यावं ते पाहतो. हात वर कर.”

दिव्यानी चपला काढून दोन खांबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आजवर ती ज्या गोलमध्ये उभी राहिली होती ते दोन दगडांचं तरी होतं, नाहीतर शाळेचं वाकडं, गंजकं. हे इतकं मोठं होतं की तिने आधी मान वळवून या खांबाकडे पाहिलं, मग त्या. एवढं सगळं आपण राखायचं? मग तिने समोर पाहिलं. हिरवं मैदान, त्यापलीकडे रिकाम्या पायऱ्या, त्यावर उद्या माणसं. तिने हात वर केले. बोटं दांडीला पुरली नाहीत. ती गुडघ्यात वाकली आणि उडाली, आणि तळहात दांडीवर सपकन वाजला. झालरीचं एक टोक सुटून तिच्या डोक्यावरून गवतावर पडलं.

गेटाबाहेर असा गलका उठला जसा काही वर्ल्ड कप वाचला.

“कीपर हाय रे! हेच ते पोट्टी! लग्नवाली!”

“अजून एकदा, पोरी!” मुखरूभाऊंचा आवाज फाटला होता. “डाव्या बाजूले घे! डाव्या बाजूले!”

ती डावीकडे झेपावली. गवतावर घसरून, कोपर सोलून उठली. मग उजवीकडे. बॉल नव्हताच कुठे, तरी लोक दरवेळी ओरडत होते. बाबा शिडीवर झालरीचं दुसरं टोक हातात धरून नुसते पाहत राहिले. त्यांच्या तोंडात खिळा होता. तो पडला, तरी तोंड उघडंच.

एवढ्यात आई डबा घेऊन गोलजवळ पोहोचली. “हे काय वं? कोपर पाय! उद्या पैठणीतून दिसन ना हे!”

“असं करते काय तू तिकडे?” बाबांनी शिडीवरून विचारलं. आवाज विचित्र आला. “रोज?”

“रोज. तुमी लग्नात राह्यता तवा.”

झालर त्यांच्या हातात वाऱ्याने हलत होती. दिव्यानीने ती त्यांच्या हातातून घेतली, तिचं गवत झटकलं, घडी केली आणि शिडीच्या पायरीवर ठेवली, कारण शेवटी ती नवी होती. मग परत जाऊन दोन खांबांच्या मधात पाय रोवून उभी राहिली. भाऊंना माइकवर विचारणं याहून सोपं होतं. तेव्हा नुसते पोहे हरायचे होते.

“आई, बाबा, ऐका. मांगून म्हणू नका का आधी सांगितलं नाई. झालर गेटाले लावा, भिंतीले लावा, लटारूभाऊले लावा, मस्तच दिसन. पण ते जाळी आजच परत बांधाची, बांधू लागाले माह्या टीमच्या पोरी आत्ता बोलावते. उद्या मी ताट धरणार नाई. उद्या मी सकाळपासून इथी उभी राह्यणार, ग्लोव्हज घालून, अन् तासाभराची मॅच झाल्याबिगर इथून हलणार नाई. या दोन खांबाईच्या मधातून जो कोणी आत येईन, बॉल असो का मंत्री, त्याले मी अडवणार.”